चालू काटा

मित्रांनो, काटा म्हटलं की तुमच्यापैकी कुणाला घड्याळ आठवेल, कुणाला पायात रुतलेला आठवेल. मी त्या दोघांच्या नात्यातला नव्हे. मी तान्ह्या बाळांचं वजन करणारा एक जुना काटा. वर पांढरं खोलगट पारडं, खाली गोल तबकडी, तिच्यावर शून्यापासून दहापर्यंत आकडे आणि पोटात एक स्प्रिंग. रंगाचे आता टवके उडाले आहेत. माझी गोष्ट मिरवावी अशी नाही. तरी सांगतो, कारण मी जे केलं त्याचा त्रास ज्यांना झाला, त्यांना अजून बोलताही येत नव्हतं.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे एका तपासनीस बाईंनी माझ्या पारड्यात आधी एक किलोचं लोखंडी वजन ठेवलं, मग दोनचं, मग पाचचं. प्रत्येक वेळी मी अचूक आकड्यावर थांबलो. "गुणी आहे हो," म्हणत त्यांनी माझ्या पाठीवर हिरवा शिक्का मारला. तेव्हा मला वाटलं, गुणी असणं ही एकदा मिळाली की कायमची राहणारी गोष्ट असते.

मी ज्या घरी गेलो तिथे एक तान्हं बाळ होतं. काडीसारखं बारीक, म्हणून आजीने हौसेने त्याचं नाव ठेवलं होतं ढब्बू. ढब्बूची आई नवीन होती आणि सारखी धास्तावलेली असे. बाळ झोपलं की त्याच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघायची. आंघोळीआधी रोज त्याला माझ्यात ठेवायची आणि आकडा कॅलेंडरवर लिहायची.

"अगं, पोर आहे की भाजी? रोज काय तोलतेस!" आजी म्हणायची.

"आई, कालच्यापेक्षा वीस ग्रॅम कमी भरलाय!"

"शी केली असेल. तीही तोल आता."

त्या घरात मला मान होता. मी जो आकडा दाखवीन त्यावर त्या आईचा दिवस कसा जाणार ते ठरायचं. कुणावर एवढा विश्वास टाकला की तो शेफारतो. मीही शेफारलो.

मग एका सकाळी ढब्बूचे बाबा कामासाठी विमानाने निघाले. बॅग जड झाली होती. इकडेतिकडे पाहून त्यांनी ती उचलली आणि धप्पकन माझ्यावर ठेवली. मित्रांनो, मी दहा किलोंचा काटा. बॅग निदान वीसची. माझा काटा फिरून शेवटच्या खिळ्याला जाऊन आदळला आणि पोटातली स्प्रिंग कण्हली.

"अहो! ते बाळाचं आहे!" आई स्वयंपाकघरातून धावत आली.

"बाळाच्या बापाचंही आहे की थोडं."

बॅग काढली तेव्हा माझा काटा शून्यावर परतलाच नाही, पाव किलोवर अडून राहिला. बाबांनी खालचा स्क्रू पिळून त्याला शून्यावर आणलं. "हे बघ, शून्य. काही झालेलं नाही त्याला."

झालं होतं. माझी स्प्रिंग सैल पडली होती. पारडं रिकामं असलं की मी अगदी खरा, शून्यावर उभा. पण कुणी माझ्यावर काही ठेवलं की स्प्रिंग नको तेवढी ताणायची आणि मी जास्तीचा आकडा दाखवायचो. ओझं जितकं जास्त, तितकं माझं खोटंही जास्त.

त्या आठवड्यात ढब्बूचं वजन एकदम वाढलं. म्हणजे मी तसं म्हटलं. आईने कॅलेंडरवरच्या आकड्याभोवती लाल गोल काढला आणि आजीने तबकडीवर सहाच्या शेजारी एक सोनेरी चांदणी चिकटवली.

डॉक्टरांच्या काट्यावर मात्र तेच बाळ तीनशे ग्रॅम कमी भरलं. डॉक्टर म्हणाले, "घरचा काटा राहू द्या. याला दूध कमी पडतंय, वरचं सुरू करा." ढब्बूच्या आईला ते लागलं. घरी येऊन म्हणाली, "त्यांचाच काटा बिघडलाय. हजार पोरं लोळली असतील त्यावर." तिला खोटं बोलायचं नव्हतं. तिला फक्त बरं ऐकायचं होतं आणि बरं बोलणारा मी घरातच होतो.

दोन महिने तिने माझं ऐकलं. ढब्बूच्या बरगड्या मोजता यायला लागल्या तेव्हा कुठे तिचे डोळे उघडले. वरचं दूध सुरू झालं, पोर सावरलं. त्या दिवशी तिने मला उचललं आणि तबकडी भिंतीकडे करून माळ्यावर ठेवलं. मला ते बरंच वाटलं. माझ्याकडे कुणी बघू नये असंच मला वाटत होतं.

माझी गोष्ट तिथेच संपली असती तर मी इतका लाजलो नसतो.

ढब्बू दीड वर्षांचा झाला, तेव्हा एका संस्थेची माणसं दारी आली. समुद्रापलीकडच्या एका गरीब मुलखातल्या दवाखान्यासाठी ती बाळांच्या वस्तू गोळा करत होती. आईने दुपटी दिली, झबली दिली आणि मला माळ्यावरून खाली काढलं. प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी लावायची होती. तिच्यावर दोन चौकोन होते : चालू आणि नादुरुस्त.

"अगं, हा तर..." आजी म्हणाली.

"माहीत आहे, आई. पण त्यांच्याकडे काहीच नाही म्हणतात. काहीच नसण्यापेक्षा बरा."

तिने मला पुसलं, काटा शून्यावर आहे ना ते पाहिलं आणि 'चालू'वर खूण केली. चालू या शब्दाचा दुसरा अर्थ तुम्हाला ठाऊक असेलच. दोन्ही अर्थांनी ती खूण बरोबर होती.

खोक्यातून, बोटीतून, मग खडखडणाऱ्या ट्रकमधून मी त्या दवाखान्यात पोचलो. एक लांबट खोली, पत्र्याचं छप्पर, भिंतीला टेकवलेला बाक आणि त्यावर आपापली बाळं घेऊन बसलेल्या आया. त्यांची भाषा वेगळी होती. पण बाळ पारड्यात ठेवताना कुठल्याही आईचा श्वास अडकतो, तो आवाज मला ओळखीचा होता.

तिथली नर्स धिप्पाड आणि मोठ्या आवाजाची होती. मी येण्याआधी ती बाळ दोन्ही हातांत तोलायची, त्याचा दंड चिमटीत धरून बघायची आणि आईला विचारायची, "तुला कसं वाटतं?" मी आल्यावर तिने हे सगळं सोडलं. रोज सकाळी ती मला पुसायची, शून्य बघायची आणि पाठीवर थाप मारायची. भिंतीवर तक्ता होता. बाळाचं वजन त्यातल्या त्याच्या वयाच्या लाल रेघेच्या खाली भरलं तर त्याच्या आईला आठवड्याला पौष्टिक खुराकाची पाकिटं मिळत. वर भरलं तर, "छान आहे, पुढच्या महिन्यात ये."

बाळ पारड्यात पडलं की त्याचा खरा भार मला कळायचा. इतकासा जीव! आणि त्याच वेळी माझा काटा सरसरत रेघेच्या वर जायचा. तो थांबवणं माझ्या हातात नव्हतं. असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे.

सहा आठवड्यांनी संस्थेने काही देणाऱ्यांना तिथे आणलं, आपण दिलेल्याचं काय होतं ते डोळ्यांनी बघायला. त्यात ढब्बूची आई होती. तिने तिथल्या बाळांच्या अंगावर आपली दुपटी ओळखली आणि तिचे डोळे भरून आले. मग तिची नजर सोनेरी चांदणीवर पडली. "अय्या, हा आमचा!" ती म्हणाली. संस्थेचे साहेब म्हणाले, "वा! मग काट्याजवळ उभ्या राहा, फोटो काढू."

तेवढ्यात एक बाळ माझ्यात ठेवलं गेलं. मुठी कधी सोडायची नाही म्हणून नर्स तिला मुठवाली म्हणायची. तिची आई महिन्यापूर्वी परत पाठवलेली होती, ती पुन्हा चालत आली होती. तिच्या वयाला लाल रेघ साडेपाचवर होती. माझा काटा पाच किलो सहाशेवर थांबला.

"वर आहे. छान आहे," नर्स म्हणाली.

मुठवालीची आई तिथेच उभी राहिली. ती जे बोलली ते दुभाष्याने पाहुण्यांना सांगितलं, "ती म्हणते, मला ती हातात हलकी लागते."

"सगळ्या आयांना तसंच वाटतं. काटा कशाला खोटं बोलेल?" नर्स म्हणाली.

ढब्बूच्या आईने हेही दुभाष्याकडून ऐकलं. तिने बाळाकडे पाहिलं. बरगड्या दिसत होत्या. अशा बरगड्या तिने एकदा घरी मोजल्या होत्या. तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "इकडे बघा, हसा," साहेब म्हणाले. आणि मित्रांनो, ती हसली. फोटो निघाला. मुठवालीची आई बाळ गुंडाळून दाराबाहेर पडली.

मी ओरडू शकत नव्हतो. जिला ओरडता येत होतं ती फोटोत हसत होती. पण मग ती धावली. चप्पल दारातच राहिली. अंगण ओलांडून तिने त्या बाईचा दंड धरला आणि तिला आत आणलं.

"हा काटा जास्त दाखवतो," ती म्हणाली. दुभाष्या चपापला. "सांगा त्यांना. आधीपासूनच जास्त दाखवतो."

नर्सने साखरेचं एक किलोचं बंद पाकीट माझ्यात ठेवलं. काटा जवळपास एकवरच राहिला. साहेबांनी सुस्कारा सोडला. "बघा, बरोबर आहे. उगीच..." नर्सने दुसरं ठेवलं, तिसरं ठेवलं. सहाव्या पाकिटाला मी सहा किलो तीनशे दाखवले. बाकावरच्या आयांना आकडा वाचता येत नसेल, पण नर्सचा चेहरा त्यांनी वाचला.

"तुम्हाला माहीत होतं?" नर्सने विचारलं.

"हो." मग अगदी हळू, "मला वाटलं, काहीच नसण्यापेक्षा बरा."

नर्स ओरडेल असं मला वाटलं होतं. ती आवाज न चढवता बोलली, "काहीच नसतं, तर मी हिच्या हातांवर विश्वास ठेवला असता."

दुभाष्याने ते सांगितलं तेव्हा ढब्बूची आई मान खाली घालून उभी होती. मला तर मानही नाही.

मुठवालीला त्याच दिवशी खुराकाची पाकिटं मिळाली. नर्सने तिला दोन्ही हातांत धरून बराच वेळ तोललं आणि तिच्या आईपुढे हात जोडले. नोंदी पुन्हा पाहिल्या तेव्हा कळलं, सहा आठवड्यांत माझ्या शब्दावर कमी वजनाची आणखी सात बाळं घरी पाठवली होती. पाहुण्यांची बस पुढच्या मुक्कामाला गेली, पण ढब्बूची आई मागे राहिली आणि पाच दिवस नर्सबरोबर दारोदार फिरली. सहा बाळं सापडली. सातव्याच्या घराला कुलूप होतं. माणसं कामाच्या शोधात कुठे गेली ते शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं.

निघण्यापूर्वी तिने माझी चिठ्ठी खरवडून काढली आणि नवी लावली. तिच्यावर लिहिलं, "हा काटा खोटं सांगतो. बाळ ठेवू नये." खाली दुभाष्याकडून तेच तिथल्या भाषेत लिहून घेतलं. नवा काटा तिने पाठवला आहे. तो रोज सकाळी सहा पाकिटांची परीक्षा देतो आणि त्यानंतरही नर्स प्रत्येक आईला विचारते, "तुला कसं वाटतं?" मी खिडकीत असतो. शिकायला आलेल्या नर्सना आधी माझं शून्य दाखवतात, मग पाकिटं ठेवतात.

मित्रांनो, कुणाला काही द्याल तेव्हा ते रिकामं असताना पाहू नका. त्यावर भार ठेवून पाहा. जे तुम्ही आपल्या बाळाखालून काढलंत, ते दुसऱ्याच्या बाळाखाली सरकवू नका.

सातवं बाळ मुलगा होता. त्याचं खरं वजन पारड्याला कळलं होतं. त्याच्या आईला मात्र मी सहा किलो सांगितलं. ते ऐकून ती हसली होती आणि त्याला उचलून घरी गेली होती.