कप्तानबाईचा कोट

तिसरी ट्रायल, आणि बटणं पुन्हा बायकांच्या बाजूला!

कोटबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आरशासमोर वळून वळून त्यांनी स्वतःला न्याहाळलं. कोट अंगाला चोख बसला होता, शिवण सुरेख होती, आणि त्यांना हवा होता तेवढा एक कोट सोडून तो दुसरा कुठलाही असू शकला असता.

"मास्तर, मी काय सांगितलं होतं? डावी बाजू उजवीवर यायला हवी. पुरुषांच्या कोटाची येते तशी."

"पण बाई, तुम्ही पुरुष नाही," शिंपी म्हणाला. तोंडात टाचण्या धरूनही या माणसाला बोलता यायचं, हेच तर दुखणं होतं.

"आणि बाह्या?"

"तुमच्या मापाच्या केल्या. जुन्याच्या बघा केवढ्या लांब! दोनदा दुमडाव्या लागतात."

"अहो, दुमडायच्याच आहेत! आणि कोपरावरचं ठिगळ कुठे गेलं?"

आता मात्र शिंप्याने टाचण्या हातात काढून घेतल्या. "नव्या कोटाला ठिगळ? माझ्या दुकानातून असला कोट बाहेर पडला तर उद्या मला बंडीसुद्धा कुणी शिवायला टाकणार नाही."

याच्या वडिलांनी असेच दोन कोट शिवून दिले होते, चकार शब्द न काढता. आता त्यांची नजर अधू झाली होती आणि दुकान या शहाण्याच्या हाती आलं होतं. नमुना म्हणून जुना कोट देऊन ठेवला, तर हा त्यातल्या चुका सुधारत बसला.

कोटबाई शहराच्या कार्यालयात इमारत तपासनीस होत्या. जिने, गच्च्या, लिफ्टच्या तारा, सगळं स्वतः चढून-वाकून बघायच्या. तपकिरी कोटाच्या खिशांत टेप, टॉर्च आणि खडू. बांधकामाच्या फाटकात तो कोट दिसला की आतून हाळी यायची, "कोट आला, कोट आला!" आणि कामगार धावतपळत हेल्मेटं डोक्यावर चढवायचे. त्यांचं खरं नाव काय, हे आता पगाराच्या दिवशीच कुणाला आठवत असेल. मागच्या महिन्यात तो कोट एका सळईला अडकून पाठीत उभा फाटला, रफू करण्याच्याही पलीकडे. आणि सोमवारी कोटबाई मुख्य तपासनीस म्हणून खुर्चीवर बसणार होत्या. कोटाशिवाय तिथे जायचं म्हणजे आपल्याऐवजी भलत्याच बाईला पाठवल्यासारखं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. ज्या दोघातिघांनी त्यांच्या बढतीत खो घालायचा प्रयत्न केला होता, त्यांच्यासमोर तर नाहीच नाही.

"पण असला कोट तुम्ही पाहिला तरी कुणाच्या अंगावर?" शिंप्याने विचारलं.

सांगायचं नव्हतं, पण सांगून टाकलं. "कप्तानबाईच्या."

शिंप्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "रेडिओवरच्या? मालबोटीवरच्या? अहो, ती मालिका लागली की आमच्या घरात शिंकायचीसुद्धा बंदी होती!"

"मग झालं तर. तिचा कोट असाच होता."

"कोट?" तो विचारात पडला. "मी एक भाग चुकवला नाही बाई. तिचे बूट वाजायचे, बोटीचा भोंगा वाजायचा, चोरटे पकडले की ती खदखदून हसायची. पण कोटाचं नाव कधी निघालं नाही. आणि रेडिओवर तुम्हाला ठिगळ कुठून दिसलं?"

"तिथे गोळी चाटून गेली होती तिला!"

"छे! कप्तानबाईला उभ्या जन्मात गोळी लागली नाही."

कोटबाई तरातरा दुकानाबाहेर पडल्या. रस्ताभर त्या मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होत्या. म्हणे गोळी लागली नाही! लहानपणी त्या गोळीच्या भागाला आपण आईचा हात घट्ट धरून बसलो होतो, ते काय उगाच? आई साक्षीला होती. आईलाच विचारावं आणि या मास्तराचं तोंड एकदाचं बंद करावं.

आई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. कोटबाईंनी पिशवी आपटली आणि सगळा पाढा वाचला. "तूच सांग आता. गोळी लागली होती की नव्हती?"

आईने एक शेंग सोलली, दुसरी सोलली.

रेडिओ त्यांचा नव्हताच मुळी. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांचा होता, आणि त्यांच्याशी बोलणं नव्हतं. आई भिंतीला पितळी पेला लावायची, पेल्याला कान लावायची, आणि मांडीवरच्या पोरीला हळू आवाजात सगळं सांगायची. पोरीला स्वतःच्या कानांनी ऐकू यायचा तो फक्त भोंगा. बाकीची कप्तानबाई आईच्या तोंडून आलेली.

"आई, मी काय विचारतेय?"

"नव्हती लागली," आई म्हणाली. "मामाची सिगरेट लागली होती."

"कप्तानबाईला?"

"कोटाला गं. मामाचा होता तो कोट. तुझ्यासाठी कापून लहान केला, तर तू जमिनीवर फेकलास. म्हणालीस, मुलाचा कोट आहे, सगळे हसतील, शाळेतच जाणार नाही. बाहेर थंडीने हाडं गारठत होती आणि घरात दुसरं काही नव्हतं. मग त्या आठवड्यात बोट बंदराला लागली, तेव्हा मी कप्तानबाईलाच तो चढवला. दुसऱ्या दिवशी तू अंगातून काढेनास."

"म्हणजे ती बटणं?"

"मामा पुरुषच होता ना."

"आणि दुमडलेल्या बाह्या?"

"पुढच्या वर्षी तुला आखूड झाल्या असत्या, म्हणून कापल्या नाहीत."

आता मात्र कोटबाईंचं डोकंच फिरलं. "म्हणजे एवढी वर्षं मी मामाचा कोट घालून मिरवतेय? परत परत शिवून घेतेय? त्या बिचाऱ्या मास्तराला सिगरेटचं भोक शिवायला लावतेय? आई, किती बनवलंस गं मला! मला वाटायचं, तिच्यासारखा कोट हवा म्हणून तू मला शिवून दिलास. आख्ख्या आयुष्यात एक गोष्ट मी स्वतःच्या आवडीने निवडली होती, तीही उतरलेली!"

"ओरडू नकोस. मला ऐकू येतं."

"मग खरी कप्तानबाई काय घालायची?"

"ते कुणी कधी सांगितलंच नाही." आईने मटार बाजूला सारले. "मला ती लाल कपड्यात दिसायची. लालभडक फ्रॉक, गळ्याला पांढरी कॉलर, आणि डेकवर वारा. पण तुझ्यासाठी तिच्या अंगावरून तो उतरवावा लागला. म्हटलं, पुढे हात जरा सैल झाला की पोरीला लाल शिवू."

"मग का नाही शिवलास?"

"शिवला होता की. तू दहाची असशील. कॉलरसकट शिवला. तू बघितलास आणि म्हणालीस, कप्तानबाई असलं नटवं घालत नाही." आई जराशी हसली. "मामाच्या मुलीला देऊन टाकला मग."

कोटबाईंना तो फ्रॉक आठवेना. पुष्कळ ताण दिला डोक्याला, पण कॉलरसुद्धा आठवेना, आणि याचाच त्यांना सगळ्यात जास्त राग आला. आईवर चिडावं तर आई मुकाट्याने टरफलं गोळा करत होती.

शनिवारी आई हट्टाने बरोबर आली. तिला तो मास्तर बघायचा होता. शिंप्याने हात टेकले होते. कोट तयार होता, डावी बाजू उजवीवर, बाह्या लांबलचक, कोपरावर सुबक ठिगळ. "घ्या तुमच्या कप्तानबाईचा कोट," तो फुगून म्हणाला. "माझं नाव कुणाला सांगू नका म्हणजे झालं."

कोटबाईंनी कोट चढवला. आरशात मामा उभा होता, दुसरं कोण? त्या चिडून बटणं काढायला गेल्या, तेवढ्यात आई पुढे झाली आणि तिने बाही दुमडली, एकदा, मग पुन्हा एकदा, कड अंगठ्याने दाबून. कोटबाईंनी हात तसाच पुढे धरून ठेवला. सोमवारी हाच घालायचा होता आणि हे त्यांना मघापासूनच माहीत होतं.

"मास्तर, फळीवरचं ते लाल कापड काढा."

"कोटाला अस्तर लावायचं?"

"नाही. हिचं माप घ्या. पांढऱ्या कॉलरचं काहीतरी शिवा हिला, ही सांगेल तसं. आणि हिच्या बाबतीत तरी सुधारणा करू नका."

आई ओशाळली, चिडली, पदराचं टोक ओढू लागली. "या वयात? वेडबीड लागलंय का तुला? कप्तानबाई असलं नटवं घालत नाही."

पण शिंपी टेप घेऊन जवळ आला, तेव्हा माप द्यायला तिने दोन्ही हात बाजूला उचललेले होते.