थप्पी भरीव आहे

नोकरीच्या पहिल्याच दिवशी माझ्या कपाळाला तीन टाके पडले. साहेबांनी भिरकावलेलं पंचिंग मशीन माझ्यासाठी नव्हतं, दाराशी उभ्या असलेल्या टायपिस्टसाठी होतं. पण तो मुरलेला गडी. तो वेळेवर वाकला, आणि त्याच्या मागे मी उभी होते, नव्या कपड्यांत, हातात रुजू होण्याचं पत्र घेऊन. रक्त डोळ्यात उतरलं तसं माझं डोकं फिरलं. मी मशीन उचललं आणि आल्या वाटेनं परत फेकलं. साहेबांच्या मागच्या कपाटाची काच खळकन फुटली. साहेबांनी काचांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही टिकेल."

हिशेब तपासणाऱ्या त्या फर्ममध्ये माझी उमेदवारी अशी सुरू झाली. दवाखान्यात मला नेलं ते लंबूनं. तो माझ्याहून दोन वर्षं आधी लागलेला, सव्वासहा फूट उंच, सावकाश बोलणारा. डॉक्टर टाके घालत असताना तो माझा हात धरून बसला होता आणि मी डॉक्टरला शिव्या घालत होते. "तुझं नाव विचारायचं राहिलं," तो म्हणाला, "पण असू दे, ठिणगी बरं आहे." पुढे पगाराचं पाकीट सोडलं तर सगळीकडे मी ठिणगीच झाले.

साहेब फर्मचे मुख्य भागीदार. बोलण्याआधी त्यांचा हात चालायचा. बेरीज चुकली तर पट्टी बोटांच्या पेरांवर, कागद गहाळ झाला तर फाइल थोबाडावर. कुणी ब्र काढायचं नाही, कारण तीन वर्षांनी सनदेसाठी लागणारा शेरा त्यांच्याच हातात. मी मात्र उलट उत्तर द्यायचे आणि त्यांना ते आवडायचं. आपल्यासारखंच एक कुत्रं दारात बांधलेलं असावं असं त्यांना वाटत असावं. जे क्लायंट अंगावर यायचे, तिथे मला पाठवायचे. एका कारखान्याच्या मॅनेजरनं माझ्यासमोर वह्या फाडल्या तेव्हा मी त्याची कॉलर धरून त्याला त्या चिकटवायला लावल्या होत्या. मला याचा अभिमान होता. आता विचारलंत तर लाज वाटते, पण तेव्हा होता.

वर्षाअखेरीला क्लायंटचा माल मोजायला जावं लागतं. क्लायंट सांगतो इतका माल खरोखर आहे का, ते आपल्या डोळ्यांनी बघायचं. आमच्याकडे दोघे जायचे, एकानं मोजायचं आणि दुसऱ्यानं लिहायचं, मग कागदावर सही. प्लास्टिकच्या दाण्यांचं एक मोठं गोदाम होतं. छतापर्यंत पोत्यांच्या थप्प्या. अशा थप्पीतलं एकेक पोतं कुणी मोजत नाही. लांबीत किती, रुंदीत किती, उंचीत किती, गुणाकार करायचा. चौदा, दहा, वीस, म्हणजे दोन हजार आठशे. पण त्याआधी शिडी लावून वर चढायचं आणि मधली पोती पायांनी दाबून बघायची, म्हणजे थप्पी भरीव आहे की नुसत्या भिंती रचल्या आहेत ते कळतं. हे नव्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतात.

गेल्या वर्षी ते गोदाम मी केलं होतं. माझ्याबरोबरचा जोडीदार तापानं आजारी पडला, म्हणून एकटीनंच. मी वर चढले नव्हते. उकडत होतं, गोदामाचा मुकादम माझ्याकडे बघून दात काढत होता, आणि घाणेरड्या शिडीवर त्याच्यासमोर चढायचं माझ्या जिवावर आलं. खाली उभं राहून गुणाकार केला, सही ठोकली आणि जेवायच्या आत परत आले. साहेब म्हणाले, "वीज आहे वीज!" त्यानंतर माझा पगार वाढला, सनद मिळाली आणि टेबल खिडकीजवळ गेलं.

या वर्षी लंबू आणि मी गेलो. गोदामाच्या दाराशी लंबूनं शिडी खांद्यावर घेतली आणि विचारलं, "गेल्या वर्षी वर गेली होतीस ना? कशी आहे थप्पी?"

"गेले होते," मी म्हणाले. "भरीव आहे. खुशाल नाच वरती."

इतकं सहज खोटं बोलले मी. तो माझा मित्र होता आणि त्याच्यासमोर मला आळशी दिसायचं नव्हतं, एवढंच कारण.

तो वर चढला. मी खाली कागद लावलेली फळी घेऊन उभी. दाबून बघत बघत जायचं सोडून तो सरळ मध्ये चालत गेला, कारण मी सांगितलं होतं. कडाड आवाज झाला. वर पोत्यांचा एकच थर होता, त्याखाली फळ्या, आणि फळ्यांखाली पोकळी. लंबू दहा फूट खाली आत गेला. पोत्यांच्या भिंतीआडून त्याचा आवाज आला, "अगं, आत काहीच नाही! रिकामं आहे सगळं! माझा पाय..."

मी मुकादमाकडे वळले. त्यानं ओरडून शटर खाली ओढायला लावलं. त्याचे तीन हमाल होते, त्यातले दोघे शिडीनं वर गेले.

"काढा त्याला बाहेर!" मी किंचाळले.

"काढतो की, ताई," मुकादम म्हणाला. "तुम्ही आधी आकडा लिहा. दोन हजार आठशे. सही करा."

"मर तू."

त्यानं वर मान करून खूण केली. हमालांनी कडेचं एक पोतं आत ढकललं. पंचवीस किलोचं पोतं दहा फुटांवरून माणसावर पडल्याचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मग लंबू ओरडला.

मी मुकादमाच्या अंगावर धावले. हातातली फळी त्याच्या नाकावर मारली, नाक फुटलं. त्यानं माझे केस धरले तेव्हा मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले, इतकं की तोंडात रक्ताची चव आली. त्यानं मूठ वळून माझ्या जबड्यावर मारली. मी खाली पडले, पुढचा दात जमिनीवर. वरून दुसरं पोतं आत गेलं. या वेळी लंबूचं ओरडणं बारीक झालं होतं, लहान मुलासारखं.

"लिहिताय का, की अजून एक टाकू?" मुकादम नाक पुसत म्हणाला.

मी "थांबा" म्हणेपर्यंत तिसरं पडलंच. त्यानंतर आतून काहीच आवाज आला नाही.

मी लिहिलं. दोन हजार आठशे. खाली सही केली, तारीख घातली. तेव्हाही अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं. त्याची मला अजून चीड येते. मग त्यांनी भिंत उसवली आणि लंबूला ओढून बाहेर काढलं. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली उलट्या बाजूला वळला होता.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी तो पाय कापला.

गोदामवाल्या कंपनीनं पोलिसांना सांगितलं की लंबू शिडीवर मस्करी करत होता, तोल जाऊन बाहेरच्या बाजूला पडला. थप्पी तर भरीव होती, आत पडेलच कसा? पुरावा काय, तर माझ्या सहीचा कागद. पोलीस बघायला गेले तोवर थप्पी खरोखरच भरलेली होती. रातोरात पोती आणून रचली असणार. हमालांनी मुकादमाचीच री ओढली. लंबू शुद्धीवर आल्यावर जे घडलं ते सांगत राहिला, पण डोक्याला मार लागलेल्या माणसाचं कोण मनावर घेतं? माझ्या दाताबद्दल मुकादमानं सांगितलं की घाबरून पळताना बाई पडल्या. मी जबाब द्यायचं टाळत राहिले.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर दोन कागद होते. एक माझ्या बढतीचं पत्र, मॅनेजर म्हणून. दुसरा गेल्या वर्षीचा मोजणीचा तक्ता.

"जबरदस्तीनं सही घेतली असं सांगू शकतेस," ते म्हणाले. "लोक विश्वासही ठेवतील. मग पुढचा प्रश्न येईल, गेल्या वर्षी कोणी मारलं होतं? तेव्हा थप्पी भरीव कशी होती?"

मी तक्त्याखालच्या माझ्या सहीकडे बघत होते.

"चढली नव्हतीस ना?"

साहेब उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी माझ्या कानाखाली जाळ काढला. आयुष्यात पहिल्यांदा मी उलट हात उचलला नाही. "सनद जाईल," ते म्हणाले. "फर्मही जाईल. सोमवारी इन्स्पेक्टर प्रकरण बंद करतोय. तोपर्यंत तोंड उघडायचं नाही. लंबूला आपण काढून टाकलंय, नियम मोडून चढला म्हणून." त्यांनी बढतीचं पत्र माझ्या खिशात खोचलं.

घरी आईनं सुजलेला गाल पाहिला. "कुणी गं?" तिनं विचारलं. पत्र वाचलं, तेव्हा तिचा चेहरा फुलला आणि लगेच पडला. "बढती देतात तेव्हा मारतात का गं तुमच्याकडे?" मी तिच्यावर इतकी ओरडले की ती शिवणयंत्रासमोर जाऊन बसली आणि सुई न ओवताच पायडल मारत राहिली.

रविवारी दुपारी मी हॉस्पिटलमध्ये गेले. तीन आठवड्यांत दुसऱ्यांदा. लंबूची ताई पलंगाशी त्याची नखं कापत होती. मला बघताच तिनं नेलकटर खाली ठेवलं.

"आलीस एकदाची! बाई गं, उद्या केस बंद करताहेत. याला नोकरीवरून काढलंय, भरपाई नाही, वर हाच मस्तीखोर. तू होतीस ना तिथे? सांग ना त्यांना!"

"ताई, थांब," लंबू म्हणाला. त्याचे गाल आत गेले होते. चादर उजवीकडे गुडघ्यापाशीच सपाट झाली होती. "तिनं सही माझ्यासाठीच केली. नसती केली तर मी मेलो असतो. ठिणगे, तुला त्या लोकांची भीती वाटत असेल तर समजू शकतो. दात पाडला त्यांनी तुझा."

तो मला माफ करत होता. भलत्याच गोष्टीसाठी. मला ते सोसवेना.

"मी घाबरत नाही त्यांना," मी म्हणाले.

"मग?"

"गेल्या वर्षी मी वर चढले नव्हते."

त्याला लगेच कळलं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला आणि त्याच्या डोळ्यांत ती सकाळ पुन्हा घडताना मला दिसली. शिडी खांद्यावर, दार, त्याचा प्रश्न, माझं उत्तर.

"तू म्हणालीस, भरीव आहे."

"हो."

"म्हणालीस, खुशाल नाच."

"हो."

"म्हणून मी दाबून बघितलं नाही."

"माहीत आहे मला."

त्यानं मला जवळ यायची खूण केली. मी वाकले. त्यानं सलाइन लावलेल्या हातानंच मला मारलं, उघड्या तळव्यानं, शरीरात होती नव्हती तेवढी सगळी ताकद लावून. सुई निसटली, चादरीवर रक्त उडालं. ओठ फाटला माझा. आजवर कुणावरही हात न उगारलेला माणूस. त्यानं पुन्हा मारलं. तिसऱ्यांदा हात उचलला, तो ताईनं धरला. "अरे, काय करतोस! अरे, बाई आहे ती!" ती रडायला लागली.

"सोड," तो ताईला म्हणाला. मग मला, "कागद आहे?"

माझ्याकडे बढतीचं पत्र होतं, दुमडलेलं. त्याची मागची बाजू कोरी होती. मी पलंगाच्या कडेला बसले. ताईनं त्याच्या हातावर कापूस दाबून धरला होता. ओठाचं रक्त कागदावर पडू नये म्हणून मी एक हात हनुवटीखाली धरला आणि लिहिलं की गेल्या वर्षी मी थप्पीवर चढले नव्हते, न बघता आकडा लिहिला आणि सही केली.

त्यानं कागद मागून घेतला. वाचला. मी केलेली कामं तो तपासायचा तसाच, ओळीवरून अंगठा सरकवत.

"एवढ्यानं भागत नाही," तो म्हणाला. "मी काय विचारलं आणि तू काय सांगितलंस, तेही लिही. मग या वर्षीचं. पोती किती टाकली ते."

"तीन."

"चार. चौथं, 'झाली सही' असा मुकादमाचा आवाज आला त्यानंतर. तुला ऐकू आलं नसेल, तू तारीख घालत असशील."

माझ्या हातातलं पेन थांबलं.

"लिही," तो म्हणाला. त्यानं मान भिंतीकडे वळवली. "झालं की ताईकडे दे, ती पोलिसांत नेईल. आणि मग निघ. परत येऊ नकोस इथं."

मी चार लिहिलं.