टाकीच्या तोंडातला बोळा

दिग्रसच्या जिनिंगवाल्या शेठजीची जुनी ॲम्बेसेडर चढावर बंद पडून राह्यली होती. मी टाकी उतरवली, तर गाळासंगं कापसाचे तंतू निघाले. पेट्रोलची नळी त्यानंच तुंबलेली.

"टाकीत कापूस कायले?" मी विचारलं.

"झाकण हरवलं. मंग बाजारात नमुन्याले उचललेला कापूसच तोंडात कोंबतो."

"हलका कापूस झडते, शेठजी."

"हलका कायले घेऊ? एक नंबर मालच निवडतो मी."

परवा बाजारात माझ्या भावाच्या कापसाच्या गाडीतून यानंच तीन मुठी नमुना उचलला होता, अन् माल कवडी, किडका-डागी हाये म्हणून भाव पाडला होता.

मी टाकी धुतली, नवी नळी बसवली. मंग पेट्रोलनं भिजलेला तो बोळा त्याच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात कोंबला.

"घ्या," म्हटलं, "तुमचा कवडी माल."