दिगंबर सांगेल तेवढा रस्ता

दिगंबर सांगतो तेवढंच रस्त्यावर असतं. तो पूल म्हणाला की पायाखाली पूल येतो. म्हणायचा राहिला, तर आम्ही नुसत्या वाऱ्यावरून पळतो आणि खालून समुद्राचा वास येत राहतो. सहा वर्षं मी त्याच्या डाव्या हाताला बांधलेली पळते आहे, त्यामुळे मला त्याची सवय आहे.

मी जन्मापासून आंधळी. दिगंबर डोळस. आमच्या मनगटांमध्ये हातभर दोरी असते आणि मॅरेथॉनभर तो मला समोरचं सांगत राहतो. देवळातल्या कीर्तनात तो झांज वाजवायचा, तिथली आमची ओळख. बुवांनी अरण्य म्हटलं की सगळ्या मांडवाला ओल्या पाचोळ्याचा वास यायचा. दिगंबरने ते तिथूनच उचललं असणार.

अडचण एवढीच, की सांगणारा कोणीही चालतो. दर वर्षी पाण्याच्या टेबलापाशी एखादी पोरगी ‘थोडंच राहिलं हो!’ म्हणून ओरडते आणि खरंच थोडंच राहतं. दिगंबरला ते खपत नाही. ‘अजून अकरा किलोमीटर आहेत, शकुताई,’ तो म्हणतो, आणि ते अकरा मुकाट्याने परत येऊन पायाखाली पडतात.

यंदा त्याच्या उजव्या हातालाही दोरी होती.

‘ही इरावती, सांगलीची,’ तो म्हणाला. ‘हिचा गाईड पाय मुरगळून घरी बसलाय. पहिलीच मॅरेथॉन आहे बिचारीची.’

‘नमस्कार करते काकू,’ असं म्हणता म्हणता तिचा आवाज खाली वाकला.

‘अगं पोरी, ही माझी चाकं आहेत,’ पेडणेकर म्हणाले. पेडणेकर व्हीलचेअरवर पळतात, त्यांना आमच्या आधी सोडतात. ‘पण असू दे, आशीर्वाद घे. काय शकुताई, यंदा सवत आणली म्हणायची!’

‘तुम्ही तुमच्या चाकांत हवा बघा,’ मी म्हणाले.

शिट्टी झाली. पेडणेकर गेले, मग आम्ही.

एका तोंडाने दोघींना सांगायचं, म्हणून दिगंबर वाटणी करत होता. ‘शकुताई, गटाराचं झाकण. शकुताई, गतिरोधक. शकुताई, परत झाकण.’ मग त्याचा आवाज पलीकडे वळायचा. ‘इरावती, समुद्र बघ. इरावती, शाळेचं बँडपथक. इरावती, गच्चीत एक आजोबा शंख फुंकतायत.’ आणि पलीकडून शंख यायचा. माझ्या बाजूला बँड नव्हता, गच्ची नव्हती. नुसती झाकणं होती, एकामागे एक, ताटं मांडल्यासारखी.

‘दिगंबर, माझा समुद्र कुठे गेला?’

‘तुम्हाला पाच वेळा सांगितलाय की, ताई. तिला पहिल्यांदाच आहे.’

पेडर रोडचा चढ त्याने तिलाच सांगितला. त्यामुळे ते दोघं चढत गेले आणि मी सपाटीवर राहिले. दोरी दोन हात झाली, मग दहा, मग सरळ वर जाऊ लागली. माझ्या डोक्यावर कुठेतरी ती हसत होती. ‘आई गं, दादा, काय चढ आहे!’ माझे पाय अजिबात दुखत नव्हते. मला त्याचंच वाईट वाटलं.

बुवा सांगायचे, मत्सर हा सहा भावंडांतला धाकटा. तो मांडवात येत नाही, बाहेर चपलांपाशी बसतो. मला तो डाव्या बुटात सापडला, टाचेखाली. काढायला थांबले नाही. विठ्ठल विठ्ठल म्हणत पळत राहिले आणि तो प्रत्येक पावलाला टोचत राहिला.

उतारानंतर ते दोघं खाली आले. दिगंबरचा घसा बसला होता. पाण्याच्या टेबलापाशी तो प्यायला लागला, आणि तो पीत होता तोवर कुणापुढेच रस्ता नव्हता.

‘काकू,’ इरावती म्हणाली. तिचा श्वास लागला होता. ‘दादा पाणी पितायत. पुढे काहीच लागत नाहीये हो पायाला. काय आहे पुढे?’

मला आजवर हे कोणी विचारलं नव्हतं.

‘संपलं,’ मी म्हणाले. ‘ही शेवटची रेघ. थांब आता.’

ती थांबावी, दोरी सुटावी आणि माझा समुद्र मला परत मिळावा, एवढंच माझ्या मनात होतं. ती थांबली. तिच्या पायाखाली वेळ मोजणारी पट्टी पीं करून वाजली. टाळ्या सुरू झाल्या. पदकं खळखळली.

‘आलीस का गं पोरी!’ पेडणेकर ओरडले. ते शेवटच्या रेघेपाशीच वाट बघत होते, त्यामुळे रेघेबरोबर तेही आले होते.

मी दिगंबरची वाट पाहिली. आता तो म्हणेल, ‘अजून चौदा आहेत.’ मग ते चौदा परत येतील, तिच्या आणि माझ्याही पायाखाली. सहा वर्षांत त्याने मला एक किलोमीटरसुद्धा खोटा सांगितला नव्हता.

‘दादा, मी पोचले?’ इरावती रडत होती. ‘खरंच पोचले ना?’

दिगंबरने घोट गिळला.

‘हो,’ तो म्हणाला. ‘पोचलीस, बाळा.’

हे त्याने तिला सांगितलं. माझ्याकडे त्याचं तोंड नव्हतं, म्हणून मी थांबू शकले नाही.

‘दिगंबर, मला सांग ना!’

टाळ्यांत त्याला ऐकू गेलं नसावं. ‘संपलं,’ मी स्वतःलाच म्हणाले, मोठ्याने, दोनदा. काही झालं नाही; ऐकणारं दुसरं कोणी लागतं. बुवासुद्धा रिकाम्या मांडवात उभे राहत नसत.

टाळ्या मागे मागे गेल्या. दोरी मनगटापाशी ताणलेली होती, म्हणजे दुसरं टोक अजून कोणाच्या तरी हातात होतं. पायाखाली एक झाकण आलं, सकाळी सांगितलेलं. मग दुसरं. मग तिसरं. चौथ्या गटारावर झाकण आहे की नाही, ते मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि माझा पाय उचललेला होता.