ओट्याच्या दगडातलं सोनं

“अहो, कोपर आवरा, बरगडी मोडाल माझी!”

“मागे व्हा की काकू. सोनं काय तुमच्या बरगडीत आहे?”

खाणीच्या नमुन्यांच्या शेडमध्ये मुंगीला शिरायला वाव नव्हता. मधोमध काडीबाबा तांब्याच्या दोन काड्या परजत उभा होता.

“सोनं म्हणजे धरणीचा घाम!” तो गरजला. “तिला घाम फोडायला आमची फुंकर लागते!”

फुंकरीला महागडा चिरूटही लागे. ड्रिलने काढलेल्या दगडाचा भुगा उघड्या पिशव्यांत मांडला की बाबा त्यावर धूर सोडी, राख झटकी. प्रयोगशाळेतून दरवेळी सोन्याचाच अहवाल येई. अख्ख्या वस्तीने त्याच्या खाणीत वाटे घेतले होते.

नव्या भूवैज्ञानिकांना शिकवायला आलेल्या बाई भिंतीला टेकून बघत होत्या. शेजारी खाणीतले दगडांचे नमुने गोळा करणाऱ्या नमुनेवाल्याची विधवा होती. तिच्या नवऱ्याने बाबाला तोंडावर खोटा म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी तो खड्ड्यात सापडला, डोकं फुटलेला. धरणी कोपली, सगळे म्हणाले. तेव्हापासून तिच्या दारावर दगड पडत, आणि आज तिला वस्तीतून हाकलायचं ठरलं होतं.

“बाई, धरणी खरंच कोपते का हो?” तिने विचारलं.

“कोपत असती तर आधी मला गिळलं असतं. तीस वर्षं तिला भोकं पाडतेय मी.”

बाई पुढे झाल्या. अहवालाचं पाकीट फोडलं.

“पोरांनो, आजचा धडा. दर वीस पिशव्यांमागे एक पिशवी आपण मुद्दाम बिनधातूच्या दगडाची घालतो, कुणाला न सांगता. या वेळी मी माझ्या स्वयंपाकघरातल्या ओट्याचा फुटका तुकडा कुटून घातला. त्यातही सोनं निघालंय!”

कुणीतरी फिसकन हसलं. “बाई, पोळ्या सोन्यावर लाटता होय?”

“आणि ऐका. दगड आपण उभा चिरतो. अर्धा कुटतो, अर्धा पेटीत जपतो. पेटीतले अर्धे मी कुलूप घालून तपासायला पाठवले. आपण पाडलेल्या सातही भोकांच्या दगडांत कणभर सोनं नाही. मग ते आलं कुठून?”

त्यांनी बाबाच्या ओठांतला चिरूट हिसकावला आणि पाण्याच्या घमेल्यात चुरगाळला.

“धरणी गिळेल हिला!” बाबा किंचाळला.

गर्दीतून दगड आला. बाईंची भुवई फाटली. ड्रिलचा मुकादम लोखंडी पाना घेऊन धावला, बाईंच्या खांद्यावर घाव बसला, हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. बाई गुडघ्यांवर आल्या, पण दुसऱ्या हाताने घमेलं हलवतच राहिल्या. राख, तंबाखू पाण्याबरोबर वाहून गेली. तळाशी पिवळा कीस उरला, कानशीने घासलेला.

“बघा. चिरुटात भरलेला.”

मग गर्दी बाबावर तुटून पडली. दात पडले, तोंड रक्ताने भरलं, कुणीतरी त्याच्या बोटांवर बूट रगडला.

“थांबा!” बाई ओरडल्या. “काल न तपासता पायाशी बसलात, आज न विचारता जीव घेताय! दोन्ही वेळी डोकं बंदच! आधी विचारा, तपासा, मग माना. याला पोलिसांकडे द्या.”

कुणी ऐकेना. तेव्हा विधवा बाबाच्या अंगावर आडवी पडली. एक लाथ तिच्या पाठीत बसली, तशी गर्दी थबकली.

“हा मेला तर कुणाला विचारू?” ती धापा टाकत म्हणाली. “माझ्या माणसाचं डोकं कशानं फुटलं?”

मुकादमाच्या हातातला पाना खाली पडला.

“धरणीनं नाही, वहिनी,” तो म्हणाला. “आम्ही मारलं त्याला. चौघांनी. या पान्यानंच.”