थेंब न् थेंब

बाईंनी भिंतीवरचा तक्ता ओढला, तेव्हा चिकटपट्टीबरोबर भिंतीच्या रंगाचा पापुद्राही निघून आला. मधल्या सुट्टीमुळे वर्ग रिकामा होता. तक्त्यावर छत्तीस मुलांची नावं होती आणि प्रत्येक नावापुढे निळे ठिपके. ज्याच्या घरी बादलीभर पाणी वाचलं, त्याला एक ठिपका. सगळ्यांत लांब रांग मुंगीची होती. ती तक्त्याच्या कडेला जाऊन टेकली, तेव्हा तिच्यासाठी खाली दुसरी रांग सुरू करावी लागली होती. बाईंनीच केली होती, सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावून.

मुंगी म्हणजे सहावीतली सगळ्यांत बारकी आणि सगळ्यांत कामसू मुलगी. वेळापत्रकात बाईंच्या विषयाचं नाव ‘शाश्वत जीवन’ असं भारदस्त होतं. मुलं त्याला वाचवायचा तास म्हणत. हा तास सुरू व्हावा म्हणून बाई चार वर्षं भांडल्या होत्या. त्या तासाला मुंगी पहिल्या बाकावर हनुवटी टेकवून बसायची आणि बाईंच्या तोंडचा शब्द खाली पडू द्यायची नाही.

काल कवायतीला ती उभ्याउभ्या कोसळली. आज सकाळी हॉस्पिटलातून निरोप आला. तीन आठवडे पोरगी धड पाणीच प्यायली नव्हती. मूत्रपिंडांना संसर्ग झाला होता आणि अजूनही ती घोटभर पाणी घ्यायला तयार नव्हती.

“तक्ता राहू द्या, बाई,” हेडसर दारातून म्हणाले. “आता काढलात तर लपवल्यासारखं दिसेल.”

“लपवायला नाही काढला. बघवत नाही मला.”

हेडसर मनाने वाईट नव्हते. भित्रे होते, एवढंच. त्यांनी टेबलावर कोरा कागद ठेवला आणि स्वतःच्या खिशातलं पेन त्यावर आडवं ठेवलं.

“दोन ओळी लिहून द्या. तक्ता आंघोळीच्या आणि धुण्याभांड्याच्या पाण्याचा होता, प्यायच्या पाण्याबद्दल वर्गात काही बोलणं झालं नव्हतं. खरंच आहे ना ते?”

बाई खाली बसल्या. महिन्यापूर्वीची गोष्ट. घंटा झाली होती, मुलं दप्तरं आवरत होती. मुंगी टेबलापाशी आली आणि म्हणाली, “बाई, प्यायचं पाणीपण धरायचं?” बाई फळा पुसत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, “थेंब न् थेंब धरायचा, मुंगे.” वळून पाहिलंसुद्धा नव्हतं.

त्यांनी दोन ओळी लिहिल्या. हेडसरांनी त्या वाचल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

“हे कशाला लिहिलंत? तुमच्याशिवाय कुणी ऐकलं होतं का हे?”

“तिने ऐकलं होतं.”

“उद्या हा विषय बंद करतील, बाई. तुमच्यासकट.”

बाई तोवर जिन्याच्या निम्म्यात पोचल्या होत्या.

हॉस्पिटलात मुलांच्या वॉर्डाबाहेर मुंगीची आई उभी होती. शिलाईच्या कारखान्यातून ती काल जशी धावत आली होती, तशीच होती. बाहीला दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले होते. बाईंनी शिव्याशापांची तयारी ठेवली होती.

“आलात? बरं झालं,” आई म्हणाली. “आता तुम्हीच सांगा. माझ्या बोलण्याला तिच्या लेखी काडीची किंमत नाही. काही म्हटलं की, ‘आमच्या बाई म्हणाल्यात.’ आधी कौतुक वाटायचं मला.”

तिने पिशवीतून एक वही काढून पुढे केली. मुंगीच्या सुबक अक्षरात रोजची तारीख आणि पुढे पेल्यांचा आकडा होता. आठ. सहा. पाच. गेल्या आठवड्यात दीड. परवा, अर्धा. अर्ध्याखाली मुंगीने दुहेरी रेघ मारली होती, बाई चांगल्या उत्तराखाली मारत तशी.

बाईंना ती वही मिटवेना. तेवढ्यात डॉक्टर बाहेर आली. वयाने बाईंच्या जुन्या विद्यार्थिनीसारखी दिसत होती.

“सलाईन दोनदा उपटून काढलं तिने. त्यातही पाणीच असतं हे कळलंय तिला,” ती दमलेल्या आवाजात म्हणाली. “संध्याकाळपर्यंत लघवी सुटली नाही, तर मोठ्या हॉस्पिटलात हलवावं लागेल. तिथेही उशीर झालेला असू शकतो. काय वाट्टेल ते सांगा, पण पाणी पाजा.”

खाटेवर मुंगी आणखीच लहान दिसत होती. ओठांना भेगा पडल्या होत्या. बाईंना पाहून तिने उठून बसायचा प्रयत्न केला. वर्गात उठायची, तसाच.

“झोप, झोप. मुंगे, माझं चुकलं गं. प्यायचं पाणी नव्हतं धरायचं. मी न बघता बोलले.”

मुंगीने थोडा विचार केला.

“पण पाणी कमी होतंय, ते खरं ना?”

“ते खरं.”

“मग मी प्यायले की तेवढं आणखी कमी होणार.”

मागून आईने बाईंचा दंड धरला. बोटं रुतत होती. “नाही होणार म्हणा,” ती कुजबुजली. “भरपूर आहे म्हणा. पाया पडते तुमच्या. तुम्ही म्हणालात तर ऐकेल ती.”

एका वाक्याचं काम होतं. बाईंनी तोंड उघडलं. मुंगी त्यांच्या ओठांकडे बघत होती, शुद्धलेखनाचा पुढचा शब्द यायची वाट बघावी तशी. बाई खाटेच्या कडेवर बसल्या.

“मला माहीत नाही गं,” त्या म्हणाल्या. “पुरेल की नाही, खरंच माहीत नाही. वर्गात एवढं ठासून सांगते ना, तेव्हाही नसतं माहीत.”

दंडावरची बोटं गळून पडली.

“तुम्हाला भीती वाटते?” मुंगीने विचारलं.

“रोज.” बाईंना रडू फुटलं. “पण तू गेलीस, तर ते वाचलेलं पाणी घेऊन मी करू काय? पाजू कुणाला?”

शेजारच्या खाटेवरचं बाळ रडायला लागलं आणि त्याच्या आईने त्याला खांद्यावर घेतलं. मुंगी किंचित सरकली. बाईंना नीट बसता येईल एवढी जागा झाली.

“रडू नका, बाई,” ती म्हणाली. मग पहिलीतल्या पोराला विचारावं तसं तिने विचारलं, “सकाळपासून तुम्ही पाणी प्यायलात का?”

बाईंनी नकारार्थी मान हलवली. त्यांच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

खाटेशेजारी स्टुलावर पाण्याचा जग होता. मुंगीने त्याच्याकडे बोट दाखवलं. आईने जगातलं होतं नव्हतं तेवढं पाणी पेल्यात ओतलं आणि पेला तिच्या हातात दिला. मुंगीने पेल्याच्या मधोमध अंगठ्याचं नख टेकवलं.

“इथपर्यंत तुमचं.”

बाई नखापर्यंत प्यायल्या. मुंगीने पेला खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. मग उरलेलं पाणी बारीक बारीक घोटांनी, मध्ये न थांबता, संपवलं. आईने तोंडावर हात दाबून धरला होता.

“आणखी आहे?” मुंगीने विचारलं.

बाई जग घेऊन उठल्या. बाहेरच्या नळाशी चार माणसं होती. बाई शेवटच्या माणसामागे उभ्या राहिल्या.