मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा

पुठ्ठ्याच्या खांबावर चिकटवलेल्या कावळ्याची चोच डावीकडे किंचित कलली होती. डिंक वाळेपर्यंत ती हलू नये म्हणून नऊ वर्षांच्या ईशानीने तिच्यावर बोट दाबून धरलं होतं. आखातातल्या अल नहदा वस्तीत, फ्लॅटमध्ये टेबलाशी बसून तिचे वडील आणि आजी चहा पीत होते. तिची आई, शोभना, त्या बोटाकडे पाहत होती.

शाळेत सोशल स्टडीजला अलास्कातल्या त्लिंगित लोकांचा धडा चालू होता. त्यांच्यात मूल आईच्या कुळाचं मानतात, असं फिझा मिसने शिकवलं होतं. आई कावळ्याच्या बाजूची, तर मूलही त्याच बाजूचं, बाप गरुडाच्या बाजूचा. प्रत्येकाने आईकडच्या माणसांचे चेहरे काढून खांब करून आणायचा होता.

"पप्पा इज ईगल," ईशानी म्हणाली. "माझ्या पोलवर नाही येत."

फी मात्र ईगलच भरतो, असं म्हणून विजयकुमार हसला. पुण्याहून आलेल्या त्याच्या आईला हसू आलं नाही.

"कावळा पिंडाला लागतो गं बाळा," त्या म्हणाल्या. "आणि पिंड ठेवायला मुलगा लागतो. हे नाही शिकवलं मिसने?"

मागच्या आठवड्यात इथल्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करताना मुलगी असल्याचं हसत सांगून टाकलं होतं. इथे ते सांगायला बंदी नाही. लोक त्यावर केक कापतात. विजयकुमारने गाडीत बसल्याबसल्या शोभनाचं मुंबईचं तिकीट काढलं. तिथल्या ओळखीच्या डॉक्टरांना कारण वेगळं सांगायचं, हेही ठरलं. शिकलेल्या, पगारदार घरांत हे असंच होतं. आवाज न चढवता, चहा पिता पिता.

तीन वर्षांपूर्वीही असंच झालं होतं. तेव्हा शोभना जाऊन आली होती. "सुटलीस," म्हणत सासूबाईंनी तिच्या तळहातावर साखर ठेवली होती, आणि तिने ती खाल्ली होती. पुन्हा नाही, हे तिने त्याच दिवशी ठरवलं. पण ते ओठांवर कधी आलं नव्हतं.

खांबावर साताऱ्याची आजी होती, तिच्याखाली शोभना, मग ईशानी. त्याखाली एक इवलासा चेहरा होता, डोळे मिटलेला.

"ही कोण?" विजयकुमारने विचारलं.

"माय सिस्टर. मम्मा इंडियाहून आली आणि नुसती झोपून होती ना, तेव्हाची. आजी आत्याला फोनवर सांगत होती."

मग विजयकुमारने नखाने तो चेहरा खरवडून काढला. त्याच्याबरोबर पुठ्ठ्याचा पापुद्राही निघून आला. "यल्ला, खलास. हा कचरा शाळेत जाणार नाही."

"बॅग भरायला घे, शोभना," सासूबाई म्हणाल्या. "उद्या धावपळ नको."

ईशानी रडली नाही. सोललेल्या जागेच्या खाली तिने पेन्सिलीने एक नवा गोल काढला आणि आईच्या पोटाकडे बघत विचारलं, "मम्मा, हिचे डोळे ओपन काढू की क्लोज्ड?"

विजयकुमारने खांब उचलायला हात पुढे केला. शोभनाने त्याच्याआधी तो आपल्याकडे ओढला आणि कललेली चोच अंगठ्याने सरळ केली.

"उघडे काढ," ती म्हणाली. मग सासूबाईंकडे वळली. "आई, मी मुंबईला जाणार नाही."